बॅटरीवरच्या बोटी येतायत, सारंग-खलाशांना काय शिकवायचं?

खारावारा (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी,

गेटवे ते जेएनपीए (न्हावाशेवाचं बंदर) विजेवरच्या बोटी, पुढेमागे मुंबईची वॉटर मेट्रो, अशा बातम्या तुम्हीही वाचल्या असतील. मी मरीन इंजिनियर. बरीच वर्षं परदेशी जहाजांवर काढली, आता मुंबईत इंजिन ड्रायव्हर आणि खलाशांच्या वर्गांना शिकवतो. या बोटी याव्यात असं मला मनापासून वाटतं. सकाळी भाऊच्या धक्क्यावर डिझेलचा जो धूर नाकात जातो, तो कमी झाला तर कोणाला नको आहे? पण त्या चालवणाऱ्या माणसांना, म्हणजे सुकाणूवरच्या सारंगापासून खलाशांपर्यंत सगळ्यांना, काय शिकवायचं, किती, कोणत्या भाषेत आणि कोणी, याबद्दल कुठे नीट बोललेलं दिसत नाही.

मोठ्या जहाजांवरच्या माणसांसाठी एसटीसीडब्ल्यू हा आंतरराष्ट्रीय करार आहे. २०१० च्या मनिला दुरुस्त्यांनी त्यात इलेक्ट्रो-टेक्निकल ऑफिसर हे पद आणलं आणि हाय व्होल्टेजचं प्रशिक्षणही आणलं. पण तिथे हाय व्होल्टेज म्हणजे १००० व्होल्टच्या वर. बॅटरीवरच्या बोटीचा डी.सी. बस, म्हणजे बॅटरीची वीज मोटरपर्यंत नेणारी मुख्य वाहिनी, बहुतेक वेळा ६०० ते १००० व्होल्टच्या मधे असते. म्हणजे कागदावर ते हाय व्होल्टेज नाही, आणि हात लागला तर माणूस जागेवर जातो. शिवाय डी.सी.चा आर्क (हवेतून उडणारी विजेची ज्योत) ए.सी.सारखा आपोआप विझत नाही, कारण प्रवाह शून्यातून जातच नाही. एलएनजीसारख्या (द्रवरूप नैसर्गिक वायू) इंधनांसाठी आयजीएफ कोड २०१७ पासून लागू झाला, तेव्हा बेसिक आणि ॲडव्हान्स्ड कोर्स सक्तीचे झाले. बॅटरीसाठी तसं सक्तीचं काही नाही.

आणि आपल्या हार्बरमधल्या सारंगाला तर एसटीसीडब्ल्यू लागूच होत नाही, कारण तो करार समुद्रात जाणाऱ्या जहाजांसाठी आहे.

माझं मत सांगतो. वर्गात बसवून स्लाइड दाखवल्या आणि सर्टिफिकेट दिलं, एवढ्याने भागणार नाही. ज्या बोटीवर माणूस काम करणार त्याच बोटीवर, तिचं झाकण उघडून, तिच्याच अलार्मवर सराव व्हायला हवा. आणि तो इंजिन ड्रायव्हरपुरता ठेवू नये, दोरी टाकणाऱ्या पोरापर्यंत सगळ्यांचा व्हावा. तुम्हाला काय वाटतं?

---

कुलाबा_कट्टा

उत्तम विषय. खुर्ची टाकून बसलोय.

---

लालडबा

खारावारा, आदर ठेवून असहमत. बेस्टच्या इलेक्ट्रिक बस मुंबईत रोज हजारो लोकांना नेतात, २०२३ पासून डबलडेकरही विजेवर आहे. ड्रायव्हर लोक पटकन शिकले. मोटर आणि बॅटरी म्हणजे डिझेलपेक्षा कमी भानगडी: तेल नाही, फिल्टर नाही, इंजेक्टर नाही. आपण उगाच बाऊ करतोय असं नको व्हायला. कोचीची वॉटर मेट्रो एप्रिल २०२३ पासून चालू आहे की.

---

खारावारा

लालडबा, रोजची देखभाल कमी होते हे शंभर टक्के मान्य. प्रश्न बिघाडाच्या दिवसाचा आहे. बसमधून धूर आला तर ड्रायव्हर बाजूला घेतो, दरवाजे उघडतो, दोन मिनिटांत सगळे फूटपाथवर. मांडव्याच्या वाटेवर अर्ध्या पाण्यात फूटपाथ नसतो. जी काही आग आहे ती पायाखाली घेऊनच धक्क्यापर्यंत जायचं किंवा माणसं दुसऱ्या बोटीत काढायची. सगळं प्रशिक्षण त्या वीस-पंचवीस मिनिटांसाठी आहे.

कोचीच्या बोटींत एलटीओ म्हणजे लिथियम टायटॅनेट सेल आहेत. ते एनएमसी या दुसऱ्या प्रकारच्या लिथियम सेलपेक्षा पुष्कळ शांत प्रकृतीचे. आपल्याकडे कोणते सेल येतात त्यावर सरावाचा निम्मा भाग ठरेल. खलाशाला "आपल्या बोटीत कुठली बॅटरी आहे" याचं उत्तर झोपेतून उठवलं तरी देता आलं पाहिजे.

---

मांडवा_अपडाऊन

मी आठवड्यातून दोनदा तरी लाँचने जाते, त्यामुळे प्रवाशाच्या बाजूने. बोटीचा आवाज बंद होणार म्हणजे शेजारच्या काकांचा फोनवरचा जमिनीचा व्यवहार आता शब्दन् शब्द ऐकू येणार! :)

पण गंभीरपणे: आम्हाला कोण सांगणार? आज लाइफ जॅकेटं दिसतात. डिसेंबर २०२४ च्या नीलकमल या प्रवासी बोटीच्या अपघातानंतर त्याबाबत कडकपणा आला हे मी स्वतः पाहिलं. पण जॅकेट घालून मी कुठे उभी राहू, कुठल्या बाजूला जाऊ, हे आजवर एकाही फेरीत कोणी सांगितलेलं नाही. डेकखाली बॅटरी असेल तर ते सांगणं जास्तच गरजेचं नाही का?

---

फ्योर्ड_ते_फोर्ट

मूळचा गिरगावचा, इलेक्ट्रो-टेक्निकल ऑफिसर. नॉर्वेत हायब्रिड आणि बॅटरी फेऱ्यांवर काम केलंय, म्हणून जरा लांबण लावतो.

नॉर्वेत 'अँपिअर' ही पहिली मोठी बॅटरीवरची कार फेरी २०१५ ला सुरू झाली. सोग्नेफ्योर्डवर लाव्हिक ते ओप्पेदाल, साधारण वीस मिनिटांची फेरी. पुढे तिथे बॅटरीच्या फेऱ्यांची रांगच लागली. म्हणजे लालडबा म्हणतात ते खरं आहे, हे तंत्र चालतं आणि छान चालतं. पण दोन घटना त्या देशाने डोळे उघडे ठेवून पाहिल्या.

पहिली, १० ऑक्टोबर २०१९, फेरी 'इत्तेरॉयनिंगेन'. बॅटरीच्या खोलीत कूलंट (बॅटरी थंड ठेवणारं द्रव) गळलं आणि छोटी आग लागली. बोट धक्क्याला आली, माणसं सुखरूप उतरली, आग विझल्यासारखी वाटली. दुसऱ्या दिवशी सकाळी डेकखाली साठलेल्या वायूचा स्फोट झाला. अग्निशमन दलाच्या जवानांना विषारी वायूच्या संशयाने दवाखान्यात न्यावं लागलं. त्या वेळी बॅटरीचा संच बोटीच्या देखरेख यंत्रणेला जोडलेला नव्हता, म्हणजे आत काय चाललंय हे पडद्यावर कळायची सोय नव्हती. त्यानंतर बॅटरी कंपनीने सांगितलं की देखरेख यंत्रणेशी संपर्क तुटलेला असताना बोट हलवू नका.

दुसरी, मार्च २०२१, ओस्लो फ्योर्डमधली पर्यटक बोट 'ब्रिम'. चौकशीचा निष्कर्ष असा की समुद्राचं पाणी बहुधा वायुवीजनाच्या वाटेने बॅटरीच्या खोलीत शिरलं, खारं पाणी विजेच्या भागांवर पडलं आणि शॉर्ट झाला. माणसं वाचली. इथे मुंबईकरांनी कान टवकारावेत. आपल्याकडे जूनमध्ये खारं पाणी कुठून कुठे शिरतं हे मी सांगायला नको.

आम्हाला बोटीवर पहिल्यांदा शिकवलं ते असं: सेल तापून बिघडला की आतून पांढरा वाफेसारखा धूर येतो. त्यात हायड्रोजन असतो, कार्बन मोनॉक्साइड असतो, हायड्रोजन फ्लोराइडही असू शकतो. ज्वाळा दिसत नाही म्हणून माणूस निर्धास्त होतो आणि "बघू काय झालंय" म्हणून दार उघडतो. दार उघडायचं नाही. पडद्यावर तापमान आणि गॅस डिटेक्टर बघायचा, खोलीच्या भिंती बाहेरून पाण्याने थंड करायच्या, बोटीवर ठरवून दिलेली यंत्रणा सोडायची आणि बोट धक्क्याकडे वळवायची. सीओटू सोडला तर ज्वाळा बसते, सेलच्या आतली उष्णता बसत नाही, म्हणून आग काही तासांनी, कधी दुसऱ्या दिवशी पुन्हा उठते.

---

निवृत्त_आर्टिफिसर

फ्योर्ड यांना माझा सलाम. मी नौदलात पाणबुडीवर होतो. आमच्या बॅटऱ्या शिशाच्या, तुमच्या लिथियमच्या, रसायन वेगळं. पण शिस्त तीच. चार्जिंग चालू असताना हायड्रोजन किती टक्के, हे सतत मोजलं जायचं. हवेत चार टक्के झाला की पेट घ्यायला ठिणगी पुरते. नवा मुलगा आला की त्याला आधी बॅटरीच्या कप्प्यात नेऊन हातातलं कडं, गळ्यातली चेन, अंगठी, खिशातली किल्ली, सगळं काढून ठेवायला लावायचे. मगच पुढची गोष्ट.

आणि रबरी हातमोजे. हे कोणी शिकवतं का? मोजा घालण्याआधी मनगटाकडून गुंडाळत आणायचा, आत हवा अडकते, बोटं फुगतात. मग गालाजवळ धरून दाबायचा. कुठे बारीक भोक असेल तर गालाला हवा लागते. भोक असलेला मोजा म्हणजे मोजा नाहीच. हे दहा सेकंदांचं काम आहे आणि दर वेळी करायचं. दिवसातून चार वेळा लागला तर चार वेळा.

---

खारावारा

आर्टिफिसर साहेब, मोज्याची चाचणी उद्याच्याच वर्गात घेतो. लोकांना मोजा कुठल्या क्लासचा तेही बघायला शिकवायला हवं. क्लास ० चा मोजा १००० व्होल्ट ए.सी. आणि १५०० व्होल्ट डी.सी.पर्यंत चालतो. बाजारातला साधा लाल रबरी मोजा घालून कोणी बसबारजवळ (वीज वाहणाऱ्या उघड्या धातूच्या पट्टीजवळ) जाता कामा नये.

---

भरती_सुकती

आमच्या घरी दोन पिढ्या सारंगकी. बाबा आता थकलेत, भाऊ लाँचवर आहे. त्यांच्या बाजूने लिहितो, कारण इथे सगळं इंजिनाचं चाललंय आणि सुकाणूवरचा माणूस विसरला जातोय.

डिझेलच्या लाँचवर सारंग टाकीकडे फारसं बघत नाही. सकाळी भरली की दिवस जातो. बॅटरीत प्रत्येक फेरीचा हिशेब आहे. वेग वाढवला की ताकद वेगाच्या घनाने वाढते. आठ नॉटवरून दहावर गेलात तर लागणारी ताकद जवळजवळ दुप्पट. उशीर झाला म्हणून हँडल पुढे ढकलायची जी सवय आहे, ती इथे महागात पडेल. त्यात उधाणाच्या सुकतीला करंट, म्हणजे पाण्याचा ओढा, अंगावर आणि वर वारा, म्हणजे पडद्यावर दिसणारे चाळीस टक्के हे चाळीस नसतात. कोचीत भरतीचा फरक मीटरभराचा, आपल्याकडे उधाणाला पाचेक मीटर. आमच्या बाबांना पाण्याचा रंग बघून करंट कळतो. त्या माणसाला "इतके किलोवॅट-अवर" सांगून काय होणार? त्याला सांगा, या पाण्यात, या वाऱ्यात, परत येण्यापुरतं किती शिल्लक ठेवायचं.

दुसरं म्हणजे प्लास्टिक. भावाच्या लाँचची इंजिन थंड ठेवायला समुद्राचं पाणी आत घेणारी गाळणी पावसाच्या सुरुवातीला पिशव्यांनी भरते. डिझेल इंजिन तापलं की आवाज बदलतो, वास येतो, ड्रायव्हरला कळतं. बॅटरी तापली की काय होतं? कोणी सांगेल का?

---

फ्योर्ड_ते_फोर्ट

भरती_सुकती, फार नेमका प्रश्न. थंडावा कमी पडला की बीएमएस, म्हणजे बॅटरीवर लक्ष ठेवणारी यंत्रणा, आधी अलार्म देते. मग ताकद कमी करते. तरी तापमान चढलं तर तो संच सरळ तोडून मोकळी होते. सारंगाच्या हाताला काय जाणवतं? हँडल पुढे आहे आणि बोट ओढत नाही. आवाज नाही, वास नाही. जेट्टीला लावताना हे झालं आणि तो गोंधळला तर आपटणार. म्हणून क्लास सोसायट्या (जहाजांची तपासणी करून प्रमाणपत्र देणाऱ्या संस्था) बहुधा दोन स्वतंत्र बॅटरी संच, वेगळ्या खोल्यांत मागतात. पण एका संचावर बोट कशी वागते हे सारंगाने शांत पाण्यात स्वतः चालवून बघितलेलं असायला हवं. आणि नांगर सोडायला माणूस तयार हवा.

तुमच्याकडे मे महिन्यात पाणीच तीसच्या आसपास असतं. लिथियम सेलना तेवढंच तापमान बरं वाटतं. म्हणजे थंडावा द्यायला तुमच्याकडे वाव आधीच कमी. गाळणी साफ करणं हे खलाशाचं किरकोळ काम समजू नका. मुंबईत ते बॅटरीच्या सुरक्षेचं पहिलं काम आहे.

---

लालडबा

मागे घेतो माझं "बाऊ". गाळणीचा मुद्दा डोक्यात आलाच नव्हता.

---

सातवीचा_वर्ग

मी शिक्षिका आहे, बोटींतलं काही कळत नाही. पण पडद्यावरचे अलार्म इंग्रजीतच असणार ना? आमच्या शेजारचे दादा तांडेल (होडीचे प्रमुख) आहेत, त्यांना मराठी, हिंदी उत्तम वाचता येतं, इंग्रजी नाही. ऐन वेळी त्यांनी काय वाचायचं?

---

खारावारा

ताई, हेच मी गेल्या महिन्यापासून सगळ्यांना विचारतोय. एका बोटमालकाकडे गेलो होतो, नाव नको. त्यांच्या पडद्यावर "इन्सुलेशन लो" असा पिवळा अलार्म कायमचा लागून होता. पोराला विचारलं, हे काय? म्हणाला, "ते असंच असतं साहेब, दाबलं की जातं."

हे असंच नसतं. या बोटींत डी.सी. यंत्रणा बोटीच्या अंगापासून अलग ठेवलेली असते. पहिला अर्थ फॉल्ट झाला, म्हणजे वीज बोटीच्या अंगात गळू लागली, तर काहीच बंद पडत नाही, मुद्दामच, बोट चालत राहावी म्हणून. फक्त अलार्म येतो. दुसऱ्या बाजूला दुसरा फॉल्ट झाला की शॉर्ट. म्हणजे तो पिवळा दिवा दुसऱ्या फॉल्टच्या आधी मिळालेली सवलत आहे. आणि मुंबईच्या दमट खाऱ्या हवेत जोडांवर मीठ बसतं, तो दिवा इथे वारंवार लागणार.

माझं म्हणणं, प्रत्येक बोटीच्या अलार्मची यादी मराठीत आणि हिंदीत, समोर एका ओळीत काय करायचं ते, लॅमिनेट करून सुकाणूजवळ. आणि परीक्षा तोंडी. लेखी परीक्षेत जे लोक नापास होतात त्यांच्यातले निम्मे दर्यावर माझ्याहून हुशार असतात.

---

पिवळा_टँकर

अग्निशमन सेवेतून निवृत्त. एकच सांगणं. बोटीवरचे लोक आणि किनाऱ्यावरचे आमचे लोक यांचा सराव एकत्र झाला पाहिजे. इत्तेरॉयनिंगेनमध्ये दवाखान्यात कोण गेलं ते वर वाचलंच. आम्ही धक्क्यावर पोचतो तेव्हा सारंगाने पहिल्या मिनिटात पाच गोष्टी सांगाव्यात: बॅटरी कुठे, सेल कोणते, गॅस किती, तापमान चढतंय की उतरतंय, माणसं मोजून सगळी उतरली का. तो हे सांगू शकला नाही तर आमचा माणूस ते शोधायला आत जातो.

आणि उतरल्यावर बोट प्रवासी धक्क्याला बांधून ठेवायची नाही. ती कुठे न्यायची, कोण राखण करणार, हे आधीच ठरलेलं हवं. गेटवेच्या पायऱ्यांवर रविवार संध्याकाळची गर्दी डोळ्यांसमोर आणा.

---

वरसोवा_कोळीवाडा

अवांतर होईल, पण बोलतो. आमच्या लहान होड्या रात्री जाळ्यावर असतात. मोठ्या लाँचचा धडधड आवाज लांबून येतो, आम्ही बत्ती दाखवतो. या बोटी आवाज न करता आल्या तर? सारंगांना शिकवा की वेग धरलेला असला तरी मासेमारीच्या पट्ट्यात भोंगा आणि सर्चलाइट आठवणीने. धक्क्याला लागल्यावरही पाण्यातला पंखा (प्रोपेलर) फिरतोय की थांबलाय ते कळणार नाही, दोरी सोडवायला पाण्यात उतरणारा पोरगा आमच्यातलाच असतो.

अजून एक. काही लोक ई-रिक्षाच्या बॅटऱ्या होडीत टाकून मोटर लावायला लागलेत. स्वस्त पडतं म्हणून. त्यांना कोण शिकवणार?

---

खारावारा

दादा, हे अवांतर नाही. मोटर बंद आहे याची खूण म्हणून धक्क्यावरून दिसेल असा दिवा हवा, आणि सारंगाने तोंडाने "पंखा बंद" असं ओरडून सांगितल्याशिवाय कोणी पाण्यात हात घालायचा नाही. लिहून घेतलं. होड्यांसाठी कोळीवाड्यात येऊन फुकट बोलायची माझी तयारी आहे, संध्याकाळची वेळ तुम्हीच सांगा.

---

कायद्याची_वही

वकील आहे, म्हणून कायदा. बंदरातल्या बऱ्याच बोटी इनलँड व्हेसल्स ॲक्ट, २०२१ खाली येतात, ज्याने १९१७ चा जुना कायदा बदलला. त्यात इंधन किंवा चालकशक्तीनुसार "विशेष श्रेणी"च्या बोटी ठरवायची तरतूद आहे. म्हणजे बॅटरीवरच्या बोटींसाठी माणसांचं वेगळं प्रशिक्षण मागायला दार उघडं आहे. या चर्चेचा मसुदा करून महाराष्ट्र सागरी मंडळाकडे घेऊन जाता येईल. युरोपच्या सागरी सुरक्षा संस्थेने, एम्सा, २०२३ च्या नोव्हेंबरात बॅटरीच्या सुरक्षेवर मार्गदर्शक तत्त्वं काढलीत, तीही जोडा.

---

भरती_सुकती

भावाला धागा वाचून दाखवला. त्याचा प्रश्न असा: भर चॅनेलमध्ये समोरून कंटेनर जहाज येतंय आणि यंत्रणा म्हणाली बॅटरी तापली, मी तोडते. त्या वेळी तिला "थांब, मला आधी वाटेतून बाहेर काढ" असं सांगायचा अधिकार सारंगाला असणार की नाही?

---

फ्योर्ड_ते_फोर्ट

काही बोटींवर तसं ओव्हरराइड बटण असतं, काचेखाली. काहींवर नसतं. मी स्वतः ते ठेवण्याच्या बाजूचा.

---

निवृत्त_आर्टिफिसर

मी विरोधात. घाबरलेल्या माणसाच्या हातात ते बटण नको. शंभर माणसं वर बसलीत.

---

फ्योर्ड_ते_फोर्ट

साहेब, शंभर माणसं वर बसलीत म्हणूनच. टक्कर झाली तर बॅटरी थंड असून काय उपयोग?

---

खारावारा

दोघांचंही ऐकलं. मी बटणाच्या बाजूने जाईन, पण अटीवर. ज्या सारंगाने त्याच बोटीवर, प्रवासी नसताना, एका संचावर चॅनेल पार करून दाखवलंय आणि बटण दाबल्यावर पडद्यावरचं तापमान कुठवर जाऊ द्यायचं हे तोंडपाठ सांगितलंय, त्यालाच काचेची किल्ली. बाकीच्यांच्या फेरीत दुसरा संच आणि नांगर.

भावाला सांगा, पहिला सराव त्याच्यावरच करतो. सप्टेंबरात गेटवे-मांडवा पुन्हा सुरू झालं की सकाळची पहिली फेरी सुटायच्या आधी तासभर मिळाला तरी चालेल. पिवळा_टँकर, तुम्हीही या, पाच प्रश्न तुम्हीच विचारा.

---

पिवळा_टँकर

येतो. शिटी माझी, घड्याळ तुमचं.